तिसरा आग्रह

जगाचा अध्यक्ष दर जुलैला बदलायचा आणि त्याची फ्रेम मी करून आणायचो.

जग म्हणजे आमच्या संस्थेचं जग. कितीतरी देशांत शाखा असलेली ही सेवासंस्था. तिचं मुख्य कार्यालय परदेशात, त्याखाली प्रांत, प्रांताचा प्रांतपाल, आणि प्रांताखाली आमच्या पनवेलसारख्या शाखा. वर्ष जुलैत सुरू व्हायचं. त्या दिवशी परदेशात कुणी एक जागतिक अध्यक्ष खुर्चीवर बसायचा आणि इकडे आमच्या शाखेचा नवा अध्यक्ष गळ्यात पट्टा घालायचा. दोघांनाही एकच वर्ष. नवीन पनवेलमध्ये आमच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल होतं, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आमच्या सभा व्हायच्या. त्या हॉलच्या भिंतीवर वरच्या रांगेत जगाचे अध्यक्ष आणि खालच्या रांगेत आमचे, असे फोटो लावलेले असत. वरचे मोठे, सोनेरी चौकटीतले. खालचे जरा लहान.

चौकटी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरांना वाटायचं की मी कुठलीही वस्तू निम्म्या किमतीत आणू शकतो. तसं ते खरंच होतं.

बाजारातल्या गल्लीत एक कोकणी मुसलमान चाचा फ्रेमा करायचे. दरवर्षी मी फोटो घेऊन गेलो की काच पुसता पुसता ते तो चेहरा नीट बघायचे.

"यंदाचे साहेब काय करतात?"

"वकील आहेत म्हणे."

"बराबर. हसतात, पण दात नाही दाखवत." मग मागच्या वर्षीची आठवण काढायचे. "ते गेल्या सालचे बरे होते. गोल चेहरा. त्यांची नियत अच्छी होती, मी फोटो पाहूनच म्हटलं होतं. काय केलं त्यांनी?"

"झाडं लावली."

"कुठं?"

"जगात."

चाचा मान हलवून कामाला लागायचे. मला ते सगळे अध्यक्ष असेच लक्षात राहिले, चाचांच्या टेबलावर, नावाशिवाय. एक धनुष्याच्या आकाराच्या टायवाला. एक इतका म्हातारा की वर्ष पुरं करतो की नाही अशी आम्हाला काळजी वाटली. एक बारीक डोळ्यांचा, त्याच्या बायकोचाही फोटो सोबत आला होता, तेव्हा चाचांनी दोन काचांचे पैसे मागितले आणि माझं त्यांच्याशी भांडण झालं. प्रत्येकाचं एक घोषवाक्य असे. त्यात कधी हात असत, कधी प्रकाश, कधी पूल. आमच्यातले एक प्राचार्य त्याचं मराठी करायचे आणि ते कापडी फलकावर लिहून वर्षभर हॉलमध्ये लटकायचं. जुलैत ते उतरवून नवं लागायचं. माझ्या दुकानासमोरच्या एका गटारासाठी मी नगरपालिकेशी दोन वर्षं भांडलो होतो. हे लोक एका वर्षात जग कसं बदलतात, हे मला कधीच समजलं नाही. पण मला ते आवडायचं. जगाच्या अध्यक्षाचा फोटो माझ्या हातून भिंतीवर जातो, याचं मला अप्रूप होतं. खोटं कशाला सांगू?

माझे वडील भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. मी दहावीनंतर एका टाइल्सच्या दुकानात हमाल म्हणून लागलो आणि पुढे सुकापूरच्या रस्त्यावर स्वतःचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान टाकलं. त्या काळात सुकापूरला दर सहा महिन्यांनी एक नवी बिल्डिंग उभी राहायची. प्रत्येक फ्लॅटला संडास, बाथरूम, ओटा. मला मरायला फुरसत नव्हती. घासाघीस करण्यात पनवेलमध्ये माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी नाही, दुसरे सांगायचे. गुजरातेतल्या मोरबीहून टाइल्स आणणारे ट्रकवाले माझ्याशी भाव करायला यायचे, तेव्हा मी दोनदा ऐकून घ्यायचो आणि एकदा नाही म्हणायचो. ते एकदा म्हटलेलं नाही शेवटचं असायचं. ट्रकवाला गाडी सुरू करून रस्त्यापर्यंत जायचा, थांबायचा, आरशात बघायचा. मी गल्ल्यावर बसून हिशेब करत राहायचो. शेवटी तोच मागे यायचा. हाक मारणारा हरतो, ही एवढी एकच विद्या घेऊन मी दुकान उभं केलं.

डॉक्टरांशी ओळख याच विद्येमुळे झाली. हॉस्पिटलच्या फरशीसाठी ते माझ्याकडे आले आणि दोन दुपारी माझ्याशी भाव करत बसले. हरल्यावर हसले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्यासारखा माणूस आमच्या संस्थेत पाहिजे." मी गेलो. कोटाला पिन लावून मिळाली. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, वय, पैसा, हुद्दा काही बघत नसत. मला मात्र सगळे शेवटपर्यंत 'शेठ' म्हणत राहिले. मी ते मानाचं समजत होतो.

पुढच्या वर्षांत शाखेने जे काही केलं, त्यातली खरेदी मी केली. शिबिराचे तंबू, अपंगांच्या तीनचाकी सायकली, शाळांच्या बाकड्यांचं लाकूड. भाषणं इंग्रजीत व्हायची. मी मागच्या रांगेत बसायचो आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे बाजूच्या माणसाकडे बघून ठरवायचो. खालच्या रांगेत एकेक फोटो वाढत गेला. डॉक्टर, वकील, प्राचार्य, चार्टर्ड अकाउंटंट. चाचा मला दरवर्षी विचारायचे, "शेठ, एवढ्या लोकांना मी काच बसवली. तुमचा फोटो कधी आणताय?" मी म्हणायचो, "तुम्ही भाव कमी करा, मग आणतो." पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहायचं. दुसरं कुठलं पद मला नको होतं. नगरसेवक व्हा म्हणून लोक मागे लागले होते, मी हाकलून दिलं. मला एकच हवं होतं. ज्या भिंतीला मी खिळे ठोकले, तिथे जगाच्या एका अध्यक्षाच्या खाली माझं तोंड.

अडचण अशी होती की आमच्याकडे अध्यक्षपद मागायचं नसे. मतदान नाही, अर्ज नाही. जो मागतो तो बाद, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. डिसेंबरात सगळे माजी अध्यक्ष डॉक्टरांकडे जेवायला जमत आणि पुढच्या माणसाचं नाव ठरवत. मग त्यांच्यातले दोघं पुष्पगुच्छ आणि पेढे घेऊन त्या माणसाच्या घरी जात. त्याने नको म्हणायचं. त्यांनी पुन्हा विचारायचं. त्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की त्याने म्हणायचं, "आता तुमचा आग्रह मोडवत नाही." हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अकाउंटंटच्या वेळी डॉक्टरांची गाडी बंद पडली होती म्हणून त्यांना माझ्या गाडीतून मी नेलं. अकाउंटंट म्हणाला, "छे छे, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत." आतून त्याच्या बायकोने पुऱ्या तळायला घेतल्याचा वास येत होता. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मार्च महिना माझ्यासाठी फार वाईट असतो." मला हसू आवरेना. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि त्याने मान खाली घातली. श्रीखंड आधीच वाट्यांत काढून ठेवलं होतं.

गाडीत मी डॉक्टरांना म्हटलं, "हे काय नाटक?"

"नाटक नाही शेठ, संस्कार आहे. माणसाला पदाची हाव नाही हे दिसायला हवं."

"आणि असली तर?"

"तरी दिसायला नको," डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

काही वर्षांनी बातमी आली की पुढच्या जागतिक अध्यक्षाचा भारत दौरा ठरतो आहे, आणि प्रांतपालांनी त्यात आमची शाखा घातली आहे. गव्हाणच्या बाजूला एका गावातल्या शाळेत मुलींसाठी संडास बांधायचे आणि त्याचं उद्घाटन जगाच्या अध्यक्षाच्या हस्ते. शाखेत एकच गोंधळ. ज्या वर्षी तो येणार, त्या वर्षी जो आमचा अध्यक्ष असेल, तो त्याच्या बरोबरीने चालणार, त्याला हार घालणार, त्याच्या शेजारी बसणार. आणि काम होतं संडासाचं! पनवेलमध्ये त्या विषयातलं माझ्याइतकं कळणारा माणूस नव्हता. मीच ती कल्पना मांडली होती. शाळेची जागा मीच बघून आलो होतो. त्या डिसेंबरात माजी अध्यक्षांचं जेवण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अकाउंटंटचा फोन आला, "शेठ, संध्याकाळी घरी आहात ना? मी आणि डॉक्टर जरा येतोय."

मी दुकान लवकर बंद केलं. बायकोला म्हटलं, "अगं, काहीतरी गोड कर."

"कोण येतंय?"

"डॉक्टर."

तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "मग इस्त्रीचा शर्ट घाला. आणि भांडू नका."

ते आले. अकाउंटंटच्या हातात गुच्छ, डॉक्टरांच्या हातात पेढ्यांचा पुडा. पुडा त्यांनी टीपॉयवर ठेवला, गुच्छ अकाउंटंटने मांडीवर धरला. डॉक्टरांनी सुरुवात केली. शाखेने माझी सेवा पाहिली आहे, समितीने माझ्या नावाचा विचार केला आहे वगैरे.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं इंग्रजी कच्चं आहे. परदेशातला पाहुणा येणार. माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत."

"इंग्रजीचं काय घेऊन बसलात," डॉक्टर म्हणाले. "विचार करा."

"नाही, नाही. आणि दुकान कोण बघणार? सीझन तोच."

मी तिसऱ्याची वाट बघत होतो. माझी मान खाली घालायची तयारी झाली होती. बायको दारातून शिऱ्याच्या बशा घेऊन आली. डॉक्टरांनी बशी घेतली, दोन चमचे खाल्ले, शिऱ्याचं कौतुक केलं. मग अकाउंटंटकडे बघितलं. अकाउंटंटने घड्याळाकडे बघितलं.

"आम्ही समजू शकतो शेठ," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाच्या अडचणी असतात." आणि उठले.

मीही उठलो. काय करणार? ते चपला घालेपर्यंत मी त्यांच्यासोबत दारात उभा होतो. वाटलं, आता जिन्यात थांबतील. आता डॉक्टर वळतील आणि म्हणतील, शेठ, पुरे झालं. ते खाली उतरले. मी गॅलरीत आलो. अकाउंटंटने गाडीचं दार उघडलं, गुच्छ मागच्या सीटवर ठेवला, सांभाळून, फुलं दबू नयेत असा. माझ्या तोंडात हाक होती. एक 'अहो डॉक्टर' म्हटलं असतं तर त्यांनी वर बघितलं असतं. पण मी आयुष्यभर ट्रक परत यायची वाट बघितलेला माणूस. मी कठड्याला हात टेकून उभा राहिलो. गाडी कोपऱ्यावर गेली. डॉक्टरांचं घर डावीकडे. गाडी उजवीकडे, सुकापूरकडे वळली.

मागे बायको उभी होती. "अहो, पेढे ठेवले आणि गुच्छ नेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बिल्डरचा फोन. हा माझ्याहून वयाने लहान, शाखेत येऊन त्याला तीन वर्षं झालेली, सुकापूरला त्याच्या चार बिल्डिंगा. "शेठ, आशीर्वाद द्या. काल डॉक्टर आले होते. फार नको नको म्हटलं, पण तिसऱ्यांदा त्यांनी हातच धरला. आता तुमच्याशिवाय काय होणार? संडासाचं सगळं सामान तुमच्याकडूनच."

मी फोन ठेवला आणि तसाच हॉस्पिटलला गेलो. बाहेर बाकावर पेशंट बसले होते. मी सरळ आत. डॉक्टर एका म्हातारीची छाती तपासत होते.

"तुम्ही मला तिसऱ्यांदा का विचारलं नाही?"

"शेठ, बाहेर बसा. पाच मिनिटं."

"नाही बसत. अकाउंटंटला तीनदा विचारलं. त्या काल आलेल्या पोराला तीनदा विचारलं. मला दोनदा?"

म्हातारी पदर सावरून भिंतीकडे सरकली. डॉक्टरांनी कानातून नळ्या काढल्या. आवाज अजिबात चढवला नाही, त्याचीच मला जास्त चीड आली.

"तुम्ही नाही म्हणालात."

"सगळेच म्हणतात!"

"ते म्हणतात. पण शेठ, अख्ख्या पनवेलला माहीत आहे, तुम्ही एकदा नाही म्हणालात की ते नाहीच असतं. तुम्हीच सांगता सगळ्यांना. तुम्ही तर दोनदा म्हणालात. आम्ही तुमचा शब्द मानला."

मी टेबलावर हात आपटला. औषधांच्या नमुन्याच्या बाटल्या पडल्या. "शब्द मानला? तुमच्या मागच्या सीटवर त्याचा गुच्छ होता!"

"गुच्छ एकच होता," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घेतला नाही."

मी दार लोटून बाहेर आलो. गुच्छ एकच होता म्हणून त्यांचं म्हणणं खरं ठरत नाही. मी हजार सौदे केलेत. समोरचा घ्यायला आलाय की फक्त विचारून जायला आलाय, हे त्याच्या बसण्यावरून कळतं. अकाउंटंट गुच्छ मांडीवर घेऊन बसला होता. द्यायला आलेला माणूस गुच्छ टेबलावर ठेवतो. त्यांना मला विचारल्याचं पुण्य हवं होतं आणि माझा नकार हवा होता. माझ्या तोंडातून, माझ्या घरात, माझा शिरा खाऊन. आणि मी तो त्यांना फुकट दिला.

राजीनामा देऊन टाकावा असं बायको म्हणाली. मी दिला नाही. दिला असता तर म्हणाले असते, पद मिळालं नाही म्हणून गेला. संडासाचं सामानही मीच दिलं, एक पैसा जास्त न लावता, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहू नये.

जगाचा अध्यक्ष हिवाळ्यात आला. त्याची चौकट मी जुलैतच चाचांकडून करून आणली होती. पांढरे केस, लांब नाक. चाचा म्हणाले होते, "हा आदमी थकलेला दिसतो." प्रत्यक्षात तो फोटोपेक्षाही थकलेला होता. उंच, वाकलेला, कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं. त्याच्या बायकोला कुणीतरी घाईघाईत साडी नेसवली होती. ती एका हाताने निऱ्या धरून चालत होती. बिल्डरने क्रीम रंगाचा सूट घातला होता. गळ्यात आमच्या शाखेचा पट्टा. मला पार्किंग आणि पाण्याची व्यवस्था दिली होती.

पाण्याची व्यवस्था नव्हतीच. बिल्डरच्या माणसांनी संडास बांधले, टाइल्स लावल्या, वर टाकी ठेवली. टाकीला जोडणारा पाइप मात्र अजून बसवायचा होता. पाहुणा काही नळ उघडून बघणार नाही, असं बिल्डरने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हाच ओरडलो होतो. तो म्हणाला, "शेठ, फीत कापायची आणि फोटो काढायचा. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

फीत कापली. मुलींनी गाणं म्हटलं. जगाच्या अध्यक्षाने आपलं घोषवाक्य म्हटलं, प्राचार्यांनी त्याचं मराठी केलं. भाषणांना सुरुवात झाली तेव्हा मी शाळेच्या मागे होतो. गावातल्या दोन बायका माझ्याशी बोलत उभ्या होत्या. त्यातली एक अंगणवाडीत काम करायची, काम चालू असताना रोज चहा द्यायची.

"शेट, तुमी इथं का? तुमी तं तिकडं खुर्चीवर पायजे."

"मला ऊन आवडतं."

"खोटं नाय बोलायचं. आमी बघितलंय ना, रोज कोन येत होता ते."

"जा गं, भाषण ऐका."

"आमाला इंग्लिश नाय कलत. तुमाला कलतं?"

"नाय," मी म्हटलं, आणि त्या हसायला लागल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरून जगाचा अध्यक्ष एकटाच आला. मागे एक पोलीस आणि प्रांतपालांचा सचिव, दोघं जरा अंतरावर, दुसरीकडे बघत. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला समजलं. एवढ्या वयाचा माणूस, सकाळपासून गाडीत. ज्याचं उद्घाटन केलं तेच आता त्याला हवं होतं. तो एका दारात शिरला.

मी धावलो. कोट काढून गाडीच्या बॉनेटवर टाकला, बाह्या वर केल्या, विहिरीवरून बादली भरली आणि त्या दाराशी नेऊन ठेवली. अंगणवाडीची बाई दुसरी बादली घेऊन आली. तो बाहेर आला तेव्हा मी तांब्याने त्याच्या हातावर पाणी घातलं. त्याने हात धुतले, माझ्याकडे बघितलं आणि मनापासून हसला. दात दाखवून. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला एवढं कळलं की तो विचारतोय, तुम्ही कोण.

मला इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. मोरबीच्या मालाची सगळी पत्रकं इंग्रजीत असतात. मी मेंबर, असं एवढंच म्हणायचं होतं. मी छातीकडे हात नेला, पिन दाखवायला. पिन कोटाला होती. कोट गाडीवर.

तेवढ्यात बिल्डर धापा टाकत पोहोचला. त्याने जगाच्या अध्यक्षाचा दंड धरला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "सर, अवर सप्लायर."

तो शब्द मला कुणी मराठीत करून सांगायची गरज नव्हती. जगाच्या अध्यक्षाने माझा ओला हात हातात घेतला, मान लववली, आणि ते दोघं मंडपाकडे गेले. मी तिथे तांब्या घेऊन उभा. बारा-तेरा वर्षं ज्या संस्थेच्या भिंतीला मी खिळे ठोकले, तिचा सगळ्यात मोठा माणूस मला भेटला, तेव्हा मी तिचा कुणीच नव्हतो. मी संडासाची भांडी विकणारा होतो. डॉक्टर कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन पावलं टाकून 'हे आमचे सदस्य' एवढं त्यांना म्हणता आलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बोललात का त्यांच्याशी?"

"हात धुतले त्यांचे," मी म्हटलं.

त्यानंतर मी सभेला जाणं सोडलं. पाइप मीच माझा प्लंबर पाठवून बसवून घेतला, मुलींचा काही दोष नव्हता. वर्ष संपल्यावर बिल्डरने आपली माणसं फोडून स्वतःची वेगळी शाखा काढली, तिथे तो पहिला अध्यक्ष. आमची शाखा निम्मी झाली. पदग्रहणाला हॉटेल परवडेना. खालच्या रांगेत लावायला माणूस मिळेना, कारण वकील, डॉक्टर, प्राचार्य सगळे एकेकदा होऊन गेले होते आणि नवीन कुणी येत नव्हतं.

आणि मग एका डिसेंबरात डॉक्टर आले. अकाउंटंट नव्हता, एकटेच. केस पिकले होते. गुच्छ त्यांनी आल्या आल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"शेठ, पुढचं वर्ष तुम्ही घ्या."

"नाही."

बायको आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"शेठ, जुनं विसरा. शाखा बुडतेय. तुम्हीच तिला वाचवाल."

"नाही."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. माझ्या हातावर हात ठेवला. तो हात थंड होता. "तिसऱ्यांदा विचारतोय," ते म्हणाले. "आग्रहाने विचारतोय. हो म्हणा."

मला वाटलं होतं की हा शब्द ऐकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. माझ्यासमोर एक बुडत आलेलं दुकान होतं आणि त्याचा मालक ते माझ्या गळ्यात मारायला आला होता. जगाचा अध्यक्ष येणार होता त्या वर्षी हा हात कुठे होता?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात काढून घेतला, गुडघ्यांवर जोर देऊन उठले. गुच्छ तिथेच राहू दिला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी वरून बघत होतो. चौथ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पण भाव करणाऱ्याला आपली पायरी एकदा तरी सोडावी लागते, आणि फरशीसाठी दोन दुपारी बसलेले डॉक्टर या पदाचा भाव करायला बसलेच नव्हते. ते रिवाजाप्रमाणे तीनदा विचारून गेले.